उबुंटूवर स्टीमचा गेम ‘प्ले’ दाबताच बंद होतो, काय करू?

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत आणि स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवरच ठेवलेत, असं तुम्ही म्हणता. घोळ बहुतेक तिथेच आहे. तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीचा असतो. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये एक खोटा सी ड्राइव्ह उभा करतं आणि त्याला ‘सी:’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) जोडतं. नावातला तो कोलन विंडोजच्या नियमात बसत नाही. मग लिंक बनत नाही, किंवा बनलीच तर पुढे विंडोजची डिस्क तपासणी कुरकुर करते.

उपाय सोपा: एक्स्ट४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) असलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग करा, स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’खाली ते जोडा, आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधून ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’मध्ये जाऊन गेम तिकडे हलवा. शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. जागा कमी असेल तर निदान कॉम्पॅटडेटा तरी एक्स्ट४वर न्या.

तरीही बंद पडला आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर निवडलाय का बघा. उबुंटूवर सॉफ्टवेअर स्नॅप आणि डेब अशा दोन प्रकारच्या पॅकेजमध्ये मिळतं; स्टीम स्नॅपमधून घेतलं असेल तर काढून डेब पॅकेज टाका. स्नॅपची कटकट नको. आणि गेम व्हॅलोरंट असेल तर सोडून द्या, त्याचं अँटी-चीट (खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालतच नाही.