जुनं प्रोफाइल, नवे वर्गमित्र

प्रश्न : नुकतीच कॉलेजला जाऊ लागले आहे. इन्स्टाग्रामवर माझे शाळेपासूनचे फोटो, रील्स आहेत. वर्गातली मुलं आता फॉलो करतायत, आणि ते सगळं बघून ती मला काय समजतील याची धास्ती वाटते. सगळं डिलीट करून नवं अकाउंट काढू का?

उत्तर : डिलीट करायची घाई नको. घरी, वर्गात, जुन्या मैत्रिणींत आपण थोडे वेगवेगळे वागतो. त्यात खोटेपणा नसतो. प्रोफाइलवर मात्र मामा, शाळेतली मैत्रीण आणि कालच ओळख झालेला मुलगा एकच पोस्ट बघतात. तिथे गोंधळ उडतो. मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी 1987 साली मांडलं होतं, की आपण आहोत तसे आणि व्हावंसं वाटतं तसे यांत तफावत पडली की माणूस खट्टू होतो. 'असायलाच हवं' असं वाटतं त्याच्याशी तफावत पडली की बेचैन होतो. तुझी धास्ती बहुधा या दुसऱ्या प्रकारची आहे. ती फोटो पुसून जात नाही.

आधी एवढंच कर. घरचा पत्ता, ओळखपत्र, फोन नंबर दिसणाऱ्या पोस्ट आणि दुसऱ्या कुणाची फजिती करणारे फोटो आजच काढून टाक. नुसतं ओशाळं वाटणारे फोटो अर्काइव्ह कर : पोस्टवरचे तीन ठिपके, मग अर्काइव्ह. पोस्ट फक्त तुला दिसते, लाइक-कमेंट शाबूत राहतात, हवी तेव्हा परत आणता येते. महिन्याभराने त्यातलं बरंच काही तू परत आणशील, असं आम्हाला वाटतं.

अकाउंट प्रायव्हेट केलं तरी आधीचे फॉलोअर आपोआप जात नाहीत, इथे बरेचजण फसतात. नको असलेल्यांना यादीतून एकेक करून काढावं लागतं. त्यांना तशी सूचना जात नाही. मोजक्या लोकांसाठीच्या स्टोरीला 'क्लोज फ्रेंड्स' वापर. यादी छोटी ठेव, आणि स्क्रीनशॉट कुणीही काढू शकतं हे गृहीत धर.

दुसरं अकाउंट काढायचंच असेल तर कॉन्टॅक्ट सिंक (फोनमधले नंबर ॲपला देणं) आणि अकाउंट इतरांना सुचवण्याची सोय आधी बंद कर. नाहीतर फोनमधल्या ओळखीच्यांनाच ते सुचवलं जाईल. आणि चुकीच्या अकाउंटवरून पोस्ट पडणं फार सोपं असतं.

खरी खबरदारी पुढच्या पोस्टची. सतत पार्टीत असलेली, सगळं जमणारी मुलगी एकदा उभी केलीस की रोज तिला सांभाळत बसावं लागेल. वर्गात भेटल्यावर ओळखू येशील इतपतच प्रोफाइल सजव.

प्रश्न : मित्र न विचारता मला फोटोंत टॅग करतात. टॅग काढला की पुरे का?

उत्तर : नाही. टॅग काढल्यावर फोटो तुझ्या प्रोफाइलवरून जातो, मित्राच्या प्रोफाइलवर तसाच राहतो. सेटिंगमध्ये टॅगना स्वतः मंजुरी द्यायची सोय आहे, ती सुरू कर. फोटोच नको असेल तर कमेंटमध्ये वाद न घालता त्याला खासगी मेसेज कर : 'हा फोटो काढून टाकशील का, मला अवघड वाटतंय.' कारणं देत बसू नकोस.