चित्रकलेच्या तासाला मुलं नेमकं काय शिकतात? ग्रेडच्या गुणांपलीकडे उपयोग आहे का?

तुमची मुलगी सातवीत आहे, तिचा चित्रकलेचा तास हमखास गणिताला जातो आणि शाळा म्हणते, 'इंटरमिजिएट ही चित्रकलेची ग्रेड परीक्षा करून घेऊ, दहावीला गुण मिळतील.' मग या तासाचा आणखी उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. मी २६ वर्षं हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. उपयोग आहे, आणि तो तांब्यावरूनच सांगतो.

वस्तुचित्राला टेबलावर तांब्या ठेवला की पाचवी-सहावीतली बहुतेक मुलं त्याचं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेनं. तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं, आणि टेबल सपाट म्हणून बूडही सपाट. दिसतं मात्र तसं नाही. मी तांब्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धरायचो. नजरेच्या रेषेत आला की तोंडाची नुसती आडवी रेघ होते, खाली नेला की ती लंबगोल उघडत जाते, थेट वरून बघितलं तरच गोल. एकदा एक मुलगी आपल्या कागदाकडे बघत म्हणाली, "सर, म्हणजे मी तोंड वरून बघितलं आणि बूड बाजूनं!" माहीत असलेलं आणि समोर दिसणारं यांतला फरक तिला स्वतःच्या हातानं सापडला होता. विज्ञानाच्या प्रयोगवहीत जे निरीक्षण लिहायला लावतात, त्याची सुरुवात हीच.

ग्रेड परीक्षा वाईट नाही. कला संचालनालयाची ही परीक्षा गावोगावच्या मुलांपर्यंत पोचते, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ गुण मिळतात, बीला ५, सीला ३. पण त्या गुणांसाठी स्मरणचित्रंसुद्धा, म्हणजे पाहिलेलं आठवून काढायची चित्रं, पाठ करून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. 'बाजार' म्हटलं की पन्नास कागदांवर तीच छत्री, तीच टोपलीवाली. मी वर्गाला आठवडी बाजारात न्यायचो, कागद-पेन्सिल न देता. परत आल्यावर एकानं फक्त तराजू धरलेला हात काढला होता, पारड्याच्या बाजूला मनगट थोडं कललेलं. तो हात कुठल्याच गाइडमध्ये नव्हता.

पालकसभेत वेळापत्रक पुढे ठेवा आणि गेल्या महिन्यात चित्रकलेचे किती तास प्रत्यक्ष झाले, एवढंच विचारा. घरी रंगपेटीची घाई नको. मुलीला रोज दहा मिनिटं स्वयंपाकघरातलं एक भांडं काढू द्या, आज ओट्यावर ठेवून, उद्या जमिनीवर.