वाटीभर वरणात प्रथिने किती?

प्रश्न : ताई, तूरडाळीच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 22 ग्रॅम प्रथिने छापलीत. मी दिवसाला दोन वाट्या, म्हणजे 300 ग्रॅम वरण खाते. त्रैराशिक मांडलं तर 66 ग्रॅम झाली. माझं वजन 55 किलो. मग उसळ, दूध कशाला हवं? लेक म्हणते, हिशेब चुकतोय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : लेकीची शंका रास्त आहे. त्रैराशिक बरोबर मांडलंत, पण ते 22 टक्के कोरड्या डाळीचे आणि तुमच्या वाटीत आहे वरण. पत्र वाचून मी काल डाळ तोलूनच कुकरला लावली. कोरडी डाळ 120 ग्रॅम, तिच्यात प्रथिने 26 ग्रॅम. शिजवून, घोटून, सरसरीत करून पातेलं काट्यावर ठेवलं. पातेल्याचं वजन वजा जाता वरण भरलं 780 ग्रॅम. प्रथिने तेवढीच, 26. वाढलं ते पाणी. म्हणजे वरणात प्रथिने साडेतीन टक्केही नाहीत. तुमच्या दोन वाट्यांतून मिळाली 10 ग्रॅम.

म्हणून वरणाच्या वाट्या मोजूच नका. कोरडी डाळ किती घेतली आणि ती किती जणांत वाटली गेली, एवढंच बघा. ऐनवेळी पाहुणा आला आणि पाणी वाढवलं, तरी हा हिशेब मोडत नाही.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद; तिच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. तुम्हाला 46. वरणाची 10 धरली. ज्वारीच्या पिठात साधारण 10 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून 5, दोन भाकरींतून 10. शेंगदाण्यात 25 टक्के, तेव्हा चटणीतल्या 20 ग्रॅम दाण्यांतून 5. (दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे सगळी भिस्त चटणीवर ठेवू नका.) झाली 25.

उरली 21. कोरडी मटकी 30 ग्रॅम भिजवलीत तर त्यातली 7 येतात. मोड आल्यावर तीच मटकी वाटीबाहेर सांडते, डोळ्यांना दुप्पट-तिप्पट दिसते, पण प्रथिने 7 च. पेलाभर दुधाची 6. बाकीची भात, दही, आणखी एखादी भाकरी यांतून भरून निघतील. उसळ आणि दूध मात्र बंद करू नका.