शेजारी रॉटवायलर आलाय, घाबरायचं जातीला की मालकाला?

ताई, तुम्ही विचारलंय की समोरच्या फ्लॅटमध्ये रॉटवायलरचं पिल्लू आणलंय, घरात तुमची दोन लहान मुलं, मल्टीतले, म्हणजे बिल्डिंगमधले, अर्धे लोक म्हणतात ही जातच खुनशी आणि शेजारी म्हणतात कुत्रं वाईट नसतं, मालक वाईट असतो, तर खरं कोणाचं. मला वाटतं दोघंही अर्धंच बोलतायत. चावा किती खोल जाणार ते बऱ्याच अंशी जातीवर असतं, पण चावायची वेळ येणार की नाही ते बहुतेक वेळा माणसांच्या हातात असतं, आणि त्या माणसांत मालकाच्याही आधी पिल्लू विकणारा येतो, त्याचं नाव कोणी काढतच नाही.

मी इंदूरची, राजेंद्र नगरात आमच्या घरीच डॉग बोर्डिंग आहे, लोक गावाला जाताना कुत्री ठेवून जातात. त्यामुळे सगळ्या जातींची, सगळ्या स्वभावांची आणि सगळ्या प्रकारच्या मालकांची कुत्री बघायला मिळतात.

आधी जातीचं बोलते, कारण "जात म्हणजे काहीच नसतं" असं म्हणणाऱ्या प्राणीप्रेमींचं मला पटत नाही. माणसाने शेकडो वर्षं मुद्दाम निवडून निवडून कुत्री तयार केलीत. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलाच्या अंगावर सोडायचे, 1835 मध्ये कायद्याने तो खेळ बंद झाला तेव्हा लोकांनी बुलडॉग आणि टेरियर यांची पैदास करून कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या. म्हणजे धरलं की सोडायचं नाही हा गुण तिथे हवाच होता. (त्याचा जबडा लॉक होतो हे मात्र खोटं आहे, तसं काही नसतं.) रॉटवायलर जर्मनीतला, गुरं हाकायला आणि राखणीला. डॉबरमन तर डॉबरमन नावाच्या माणसाने तयार केला, तो कर वसूल करायचा आणि सोबतीला धाक बसेल असं कुत्रं त्याला पाहिजे होतं. आता पूर्ण वाढलेला रॉटवायलर नर 50 किलोचा असतो. पॉमेरियन चिडला तर बोटाला टाके पडतील, हा चिडला तर मोठा माणूस खाली पडेल. हा फरक खरा आहे आणि तुमची भीती अजिबात उगाच नाही. 2022 मध्ये लखनऊला घरच्याच पिटबुलने 82 वर्षांच्या आजींचा जीव घेतला, ते आठवत असेलच.

पण चिडणार कोण, हे जातीवरून सांगता येत नाही. 2022 मध्येच सायन्स या नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता, 18 हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, 2 हजारांवर कुत्र्यांचे जीन्स तपासले, आणि निघालं काय तर कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे असतो. माणसाचं ऐकणं हा गुण त्यातल्या त्यात जातीत उतरतो, चटकन चिडून अंगावर येणं फारच कमी. तो अभ्यास वागण्याचा होता, जखम किती मोठी होते याचा नव्हता, म्हणून त्याचा दाखला देऊन कोणी म्हणेल की रॉटवायलर आणि पग सारखेच, तर ते चूक. मालकांना विचारून केलेल्या अशा दुसऱ्या अभ्यासांत तर डॅशहुंड आणि चिवावा जास्त चिडके निघालेत, पण ती एवढीशी कुत्री, त्यांची बातमी होत नाही.

आता विकणाऱ्याचं. पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार महत्त्वाचे. आई आणि भावंडांबरोबर खेळताना जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, तिथेच ते दात आवरायला शिकतं. पुढे वेगवेगळी माणसं, लहान मुलं, स्कूटरचा आवाज, प्रेशर कुकरची शिट्टी, हे सगळं याच काळात बघितलं-ऐकलं की मोठेपणी त्याची भीती बसत नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, पण आमच्याकडे लोक महिन्याभराचं पिल्लू घेऊन येतात, छोटं असलं की गोड दिसतं आणि विकणाऱ्याचा दूध-खाण्याचा खर्च वाचतो. मग घरी आणलं की लसी पूर्ण होईपर्यंत खोलीत बंद, कोणाला भेटणं नाही, आणि सहा महिन्यांनी म्हणायचं की हा पाहुण्यांवर भुंकतो. भुंकणारच हो, त्याने पाहुणा बघितलाय कुठे! लसी होईपर्यंत कडेवर घेऊन गच्चीवर, गेटपर्यंत तरी न्यावं, त्याला काय लागतं?

मालकांत मला सगळ्यात जास्त राग येतो तो पार्किंगमध्ये साखळीला बांधून ठेवणाऱ्यांचा. बंगल्याची शान म्हणून मोठं कुत्रं आणायचं, दिवसभर बांधायचं, गार्डने दोन वेळा भांडं सरकवायचं आणि घरातल्या कोणी हात लावायचा नाही. अमेरिकेत 2000 ते 2009 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात जे 256 लोक मेले त्यांचा नीट तपास करून अभ्यास झाला, त्यात बहुतेक ठिकाणी त्याच त्या गोष्टी एकत्र सापडल्या: जवळ सांभाळणारं मोठं माणूस नाही, मेलेल्या माणसाची कुत्र्याशी ओळख नाही, कुत्र्याची नसबंदी नाही, आणि कुत्रं घरातलं म्हणून नाही तर बाहेर बांधून नाहीतर कोंडून वाढवलेलं. जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम 18 टक्के प्रकरणांत.

उलट ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे ताकदवान कुत्री शांतपणे काम करतात, कारण प्रत्येकाला त्याचा माणूस असतो आणि रोजचं काम असतं. आपल्या ऑफिसला जाणाऱ्या घरांत ते होत नाही आणि मग लोक जातीला शिव्या देतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका लॅब्राडोरने त्याच्या घरच्याच मुलाच्या हाताला चावा घेतला होता. घरातला प्रत्येकजण त्याला "सवय लागावी" म्हणून जेवता जेवता भांडं ओढून घ्यायचा. तो आधी गुरगुरायचा तर फटका मिळायचा, मग गुरगुरणं बंद झालं आणि एक दिवस सरळ दात लागले. गुरगुरणं हा इशारा असतो, तो मारून बंद करू नका हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

याद्या करून बंदी घालण्याने फार होत नाही असं माझं मत. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीसाठी राज्यांना पत्र पाठवलं, त्यात रॉटवायलरही होता, आणि एप्रिलमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं कारण संबंधित लोकांचं ऐकूनच घेतलं नव्हतं. ब्रिटनने 1991 मध्ये चार जातींवर बंदी घातली तरी 2023 ला एक्सएल बुली ही आणखी एक धिप्पाड जात त्यात घालावी लागलीच. त्यापेक्षा मोठं कुत्रं पाळायचं तर लायसन्स, नसबंदी आणि ट्रेनिंग सक्तीचं करा, मी पहिली सही करीन.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पिल्लू अजून लहान आहे, म्हणजे वेळ हातात आहे. भांडायला जाऊ नका, एखाद्या रविवारी सकाळी पोहे घेऊन जा आणि विचारा: पिल्लू किती दिवसांचं आणलं, लसी आणि नसबंदीचं काय ठरलंय, दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं, ट्रेनर कोण. उत्तरं नीट मिळाली तर मुलांची आणि पिल्लाची ओळख आत्ताच करून घ्या, मोठं माणूस समोर ठेवून, तेच तुमच्या मुलांसाठी सगळ्यात चांगलं. मुलांना शिकवा की खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही. अंग ताठ करून एकटक बघतंय किंवा उगाच ओठ चाटतंय तर लांब व्हायचं. लिफ्टमध्ये पट्टा आणि तोंडाला जाळी हे सोसायटीकडून लेखी ठरवून घ्या. शेजारी उडवाउडवी करत असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कधी कुठल्याही कुत्र्याचा दात लागलाच, अगदी ओरखडा का असेना, तर हळद-मिरची काही लावत बसू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात जा.