दोन लॅब्रेडॉरसाठी नागपुरात जुनी गाडी कोणती घ्यावी?

जुनी इस्टेटच, म्हणजे मागे छतापर्यंत लांब डिकी असलेली गाडीच, हवी म्हणून इंडिगो मरिना किंवा ऑक्टेव्हिया कॉम्बीच्या मागे लागू नका, सुटे भाग शोधता शोधता थकाल. नोव्हेंबर 2018 नंतरची पेट्रोल अर्टिगा बघा. सीटची तिसरी रांग दुमडली की 550 लिटर जागा होते. सीएनजीवाली नको, टाकी नेमकी कुत्र्यांची जागा खाते.

खरी परीक्षा एसीची. इथला मे 45 अंशांवर जातो आणि कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करतात. म्हणून ट्रायल भर दुपारी घ्या, वर्धा रोडवर अर्धा तास, आणि स्वतः मागे बसून बघा गार हवा तिथवर पोचते का. कुत्र्यांनाही सोबत न्या. आमची म्हातारी शेफर्ड उंच डिकीत चढेचना, शेवटी फळीचा उतार करावा लागला.