सातशे फुटांखालचं पाणी कुणाचं?

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यात शिक्षक आहे. घरची शेती मोठा भाऊ बघतो. यंदाच्या उन्हाळ्यात त्याने चौथी बोअर घेतली, सातशे फूट. आधीच्या दोन आटल्या आणि तिसरीत नुसता फुफाटा उडाला. वडील म्हणतात, "माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं, त्याला कोण काय करणार?" आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की वाटतं, पाणीच नाही तिथे आणखी एक जीव आणायचा का? आणि जी आहे तिच्यासाठी आम्ही काय शिल्लक ठेवणार?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : तुमच्या वडिलांचं गणित अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी त्यांची बाजू घेते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५.०४ कोटी माणसं होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी. पाऊस काही त्या प्रमाणात वाढला नाही. माणशी वाटा निम्म्याहून कमी झाला, हे नाकारून चालणार नाही.

आता उरलेलं अर्धं. खेड्यात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण एक लाख लिटर लागतं. पाटाने भिजवलेल्या एक एकर सुरू (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाला, पावसाखेरीज, वर्षभरात दीड मीटर उभं पाणी दिलं असं धरा. ते होतं साठ लाख लिटर. म्हणजे एका एकरात साठ घरांचं वर्षाचं पाणी.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, पंचवीस लाख लिटर. देशभर त्याचे फोटो छापून आले. ती अख्खी गाडी म्हणजे सतरा गुंठे ऊस. हा हिशोब मी तेव्हा एका पाकिटाच्या मागे मांडला होता. तीन वेळा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना.

तेव्हा दुसऱ्या मुलाचा निर्णय तुम्ही आणि तुमच्या पत्नीने मिळून घ्या. तिची तब्येत, तुमची ऐपत, तुमची इच्छा, हे सगळं त्यात येऊ द्या. पाण्याचं ओझं त्या न जन्मलेल्या जिवाच्या डोक्यावर ठेवू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. आपल्या बायकांनी त्यांच्या वाटणीचं काम केव्हाच केलं आहे. बोअर मात्र खोलच चालली आहे.

ती खोल का जाते, हे जरा सविस्तर सांगते, कारण माझी नोकरी त्यातच गेली. तीस वर्षं मी भूजल मोजलं. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींत टेप सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते लिहायचं. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, मग काळा कातळ, अधूनमधून तांबड्या गेरूचा पट्टा, आणि पुन्हा तेच थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. चांगल्या झिजलेल्या खडकातही शंभर घनफुटांत पाण्याला जागा दोन-तीन घनफूट. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूसारखी इथे ऐसपैस कोठी नाही. आपली कोठी म्हणजे ओंजळ, दर पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायची.

माझ्या मोजणीतल्या एका विहिरीच्या मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या. मी टेप वर ओढायला लागले की विचारायच्या, "पोरी, किती हातांवर हाय?" त्यांना मीटर कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. सुरुवातीची बरीच वर्षं ऑक्टोबरात पाणी सहा-सात हातांवर असायचं. एका वर्षी पाऊस उत्तम झाला, आणि तरीही तळाशी जेमतेम डबकं. बाई म्हणाल्या, "पाऊस पडला, मग गेला कुठं?" बांधाच्या पलीकडे नवी बोअर झाली होती. तिच्या तोंडाशी कान लावला तर आत खोलवर पाणी पडल्याचा आवाज येत होता. बोअरला वरच्या थोड्याच फुटांपर्यंत केसिंग, म्हणजे कडेने बसवलेली नळी, असतं. त्याखाली ती उघडी. वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खालच्या भेगांत गळत होतं. त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला होता. आजही ते आठवलं की झोप लागत नाही.

तुमच्या भावाच्या सातशे फुटांचा अर्थ हा आहे. एवढ्या खोलवरच्या भेगांत पाणी झिरपायला किती तरी पावसाळे जातात, आणि मोटर ते एका हंगामात उपसते. वरची विहीर हा आपला पगार. खालचं पाणी ही आजोबांनी ठेवलेली ठेव, आणि तिच्यावर नातीचंही नाव आहे. भावावर मी रागावत नाही. ऊस कारखाना घेतो, त्याचा भाव आधी ठरलेला असतो. तूर, ज्वारीला तेवढी हमी कोण देतं? हे बदलायला शासनाला भाग पाडलं पाहिजे, आणि ते काम एकट्या शेतकऱ्याचं नाही. पण चौथ्या बोअरचं कर्ज त्याच्या एकट्याच्या अंगावर आहे.

माणसं आणि पाणी यांचा मेळ घालायची रीत आपल्याच मातीत निघाली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने मिळत नसे, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि घरात कितीही माणसं असली तरी अडीच एकरांच्या वर नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. ऊस बंद. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही : माणसं मोजली, आणि पाणीही मोजलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजार या गावात आजही पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मगच रब्बीत काय पेरायचं ते ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम आहे.

अख्खं गाव उद्या ऐकेल, असं मी म्हणत नाही. तुमच्या घरच्या जुन्या विहिरीपासून सुरुवात करा. ती बुजवली असेल तर गाळ काढा. फेल गेलेल्या बोअरची तोंडं आजच झाकणाने पक्की बंद करा, चार वर्षांची मुलगी घरात आहे. शेतात पडलेलं पाणी बांधावर अडवा. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर होतात, हे शाळेतल्या मुलांनाही करून बघायला द्या. उसाचं क्षेत्र एकदम बंद करा म्हटलं तर भाऊ ऐकणार नाही, पण निम्मं करून उरलेल्याला ठिबक लावता येईल, आणि मोकळ्या रानात तूर, हरभरा घेता येईल.

आणि एका दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारा. ऑक्टोबरात मुलीला सोबत घेऊन, तिचा हात धरून, विहिरीत सोडा आणि कोरड्या गाठी मोजायला तिला सांगा. तो आकडा घराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा, आणि त्याच आठवड्यात भावाला घेऊन रब्बीचं ठरवायला बसा. मला पत्र टाका. पाणी किती हातांवर आहे आणि भावाने काय पेरलं, दोन्ही कळवा.