विद्यार्थी संघटनांत मुली सेक्रेटरीपदाच्या पुढे का जात नाहीत? मी यंदा अध्यक्षपदाला उभी राहू का?

राहा. बाकीचं नंतर.

आमच्या विद्यापीठातल्या वादविवाद मंडळाची मी दोन वर्षं सेक्रेटरी होते. हॉलचं बुकिंग, परवानगीचे अर्ज, परीक्षकांची मनधरणी, इतिवृत्त, सगळं माझ्या गळ्यात. अध्यक्ष उद्घाटनाला बोलायचा आणि फोटोत मधोमध उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी म्हटलं, अध्यक्षपदाला मी उभी राहते. मावळता अध्यक्ष हसला. ‘अगं, सेक्रेटरी म्हणून इतकी भारी आहेस, तुला कशाला हलवायचं?’ दुसऱ्या दिवशी बैठक. एकाचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, दहा मिनिटांत खेळ खलास. आदल्या रात्रीच मुलांच्या वसतिगृहातल्या एका खोलीत सगळं ठरलं होतं, हे मला आठवड्याने कळलं. आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते निवड’ असं कुणी लिहिलं? मीच. सुवाच्य अक्षरात.

त्या खोलीत बसलेला एक मित्र अजूनही भेटला की म्हणतो, ‘मुलीच पुढे येत नाहीत, त्याला कोण काय करणार!’ ज्या ऑक्सफर्ड युनियनचे (ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थ्यांचं वादविवाद मंडळ) गोडवे तो तेव्हा गायचा, तिचंच घ्या. संस्था १८२३ची, मुलींना पूर्ण सभासदत्व १९६३ साली. म्हणजे १४० वर्षं मुलींचा प्रश्नच नव्हता. दार उघडल्यावर पाच वर्षांत, १९६८ला, जेराल्डीन जोन्स अध्यक्ष. १९७७ला बेनझीर भुट्टो. त्या पाच वर्षांत मुलींना अचानक बोलता यायला लागलं का रे? (हे त्याच्यासाठी. तो इथे वाचतो.)

तुम्ही एक करा. निवड गुप्त मतदानाने व्हावी ही मागणी आत्ताच, लेखी द्या. नावं फिरायला लागल्यावर दिलीत तर ‘हिला हरायची भीती’ म्हणतील. आणि ‘यंदा सेक्रेटरी हो, पुढच्या वर्षी बघू’ याला अजिबात भुलू नका. ते पुढचं वर्ष कुणी पाहिलेलं नाही.

हां, सगळ्याच संघटना अशा नसतात. आमचा तो नवा अध्यक्षही कामाला वाईट नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलीही होत्या, तेव्हा मतदान झालं असतं तरी कदाचित मी आपटलेच असते. पण मग इतिवृत्तात मतांचे आकडे लिहिले असते, ‘सर्वानुमते’ नाही.